ठोसा हौशी असतो का?

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच माझ्या धाकट्या बहिणीने विषय काढला. तिचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. वर्षभरापासून तो मुष्टियुद्धाच्या वर्गाला जातो आणि आता त्याला जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत उतरायचे आहे. "दादा, तूही कॉलेजात बॉक्सिंग केलंस. याच्या डोक्याला काही होणार नाही ना?" असे तिने विचारले. मी चकली मोडत उत्तर दिले, "अगं, हे हौशी बॉक्सिंग आहे. तीनच राउंड असतात, डोक्याला हेडगार्ड असतं, रेफरी लगेच लढत थांबवतो. टीव्हीवर दिसतं ते वेगळं." तिचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही, कारण हे उत्तर मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझ्या आईला जसेच्या तसे दिले होते आणि तेव्हाही ते मला कोणीतरी दिलेले होते. ते खरे आहे की नाही, हे मी तीस वर्षांत एकदाही तपासून पाहिले नव्हते.

मी डॉक्टर नाही. १९९० ते १९९३ अशी तीन वर्षे पुण्यात आंतरमहाविद्यालयीन पातळीवर ५७ किलो वजनी गटात लढलेला आणि त्यानंतर बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. दिवाळीनंतरच्या चार-पाच महिन्यांत या विषयावरचे वैद्यकीय शोधनिबंध मिळतील तसे वाचले, जिथे अडलो तिथे मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या शाळेतल्या मित्राला विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहीत आहे.

आधी माझ्या उत्तरातला खरा भाग सांगतो, कारण तो अगदीच पोकळ नव्हता. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविषयी वैद्यकात जे लिहिले गेले, त्याची सुरुवात व्यावसायिक मुष्टियुद्धापासून झाली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील हॅरिसन मार्टलँड या विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये 'पंच ड्रंक' या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे मार खाल्लेले मुष्टियोद्धे दारू न पिताही झोकांड्या देतात, त्यांची जीभ जड होते, हालचाली मंदावतात, हे रिंगभोवतीच्या लोकांना ठाऊकच होते; मार्टलँडने त्याला वैद्यकाच्या दारात आणले. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी २२४ निवृत्त व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची तपासणी केली. नामांकित, आजारी किंवा तक्रार घेऊन आलेले लोक न निवडता त्यांनी नोंदणीच्या यादीतून नमुना पद्धतीने माणसे काढली, म्हणून या अभ्यासाला आजही वजन आहे. त्यांतल्या सुमारे १७ टक्के लोकांच्या मज्जासंस्थेत मुष्टियुद्धाशी जोडता येईल अशी कायमची इजा आढळली. यांतले काही जण आपल्या कारकिर्दीत शेकड्याने लढती लढलेले होते, तेही आजच्यासारख्या वैद्यकीय देखरेखीविना. त्यांच्या मानाने माझ्या भाच्याचा खेळ नक्कीच सौम्य आहे. तीन राउंड, लढतीआधीची तपासणी, उभ्या खेळाडूलाही आठपर्यंत मोजून थांबवण्याचा नियम, एकतर्फी मार बसू लागताच लढत थांबवण्याचा रेफरीचा अधिकार आणि डोक्यावरच्या ठोशाने हरल्यास किमान महिनाभर रिंगबंदी, ही सगळी व्यवस्था खरी आहे आणि ती उपयोगाचीही आहे.

पण 'हौशी' हा शब्द या सगळ्याला आपल्या मराठीत एक गोड आवरण घालतो. हौस म्हटले की हौशी नाटकमंडळी, हौशी छायाचित्रकार डोळ्यांपुढे येतात. मुष्टियुद्धात या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की लढणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि आता तर तोही अर्थ नीटसा उरलेला नाही, कारण २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपासून व्यावसायिकांनाही तिथे प्रवेश खुला झाला. ठोसा पैसे घेऊन मारला की न घेता मारला, हे कवटीला कळत नाही.

ऑलिम्पिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांना संवेदक बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर ठोसे मारायला लावून अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. हाताचा वेग सेकंदाला सरासरी नऊ मीटरच्या आसपास भरला आणि ठोशाचा जोर सरासरी सुमारे ३,४०० न्यूटन, म्हणजे क्षणार्धापुरता का होईना, साडेतीनशे किलो वजनाच्या भाराएवढा. डोक्याला मिळालेले सरळ रेषेतले त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५८ पट होते. हे सगळे हौशी खेळाडू होते, हे वेगळे सांगायला नको.

त्या आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. डोके नुसते मागे जात नाही, ते फिरते. हनुवटीवर बाजूने बसलेला हुक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, मानेच्या खुंटीवर डोके गर्रकन फिरवतो. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो आणि तो बऱ्यापैकी मऊ असतो. कवटी फिरते तेव्हा तो तिच्याबरोबर त्याच क्षणी फिरत नाही, मागे रेंगाळतो आणि मग ओढला जातो. या पिळामुळे मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे संदेश नेणारे जे लांबच लांब तंतू असतात, ते ताणले जातात. चांगला ताणला गेलेला तंतू काही वेळा सावरतो, काही वेळा आतून तुटत जातो. माणूस बेशुद्ध पडला तरच हे घडते, असे नाही. बेशुद्धी ही या ताणाची एक टोकाची खूण आहे; तिच्या खालच्या पायऱ्यांवर माणूस उभा असतो, लढत असतो, कदाचित जिंकतही असतो.

हेडगार्डबद्दल माझी जी श्रद्धा होती ती इथेच ढासळली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हौशी मुष्टियुद्धाला हेडगार्ड सक्तीचे झाले आणि आम्ही पोरे त्याला सरसकट 'हेल्मेट' म्हणत असू. त्याने भुवई फुटत नाही, कपाळाला कपाळ आपटल्यावर जखम होत नाही, कानाला मार लागत नाही. त्याचा फोम समोरून येणाऱ्या धक्क्याची धारही काहीशी बोथट करतो. डोके फिरणे मात्र तो थांबवू शकत नाही, कारण तो डोक्याबरोबरच फिरतो. शिवाय त्याने डोक्याचा आकार वाढतो आणि कडेचे दिसणे थोडे कमी होते, म्हणजे एरवी निसटला असता तो ठोसा घासून जातो.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे तेव्हाच्या 'आयबा'ने, प्रौढ पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढूनच टाकले. संघटनेने त्यासाठी स्वतःच्या स्पर्धांतले आकडे पुढे केले: हेडगार्ड घालून झालेल्या सात हजारांहून अधिक राउंडमध्ये डोक्याच्या मारामुळे लढत थांबवावी लागण्याचे प्रमाण ०.३८ टक्के होते, तर हेडगार्डविना झालेल्या जवळपास तेवढ्याच राउंडमध्ये ते ०.१७ टक्के होते. मला हा पुरावा अर्धाच पटतो. हेडगार्ड काढण्याचा निर्णय घेणारी आणि आकडे मोजणारी संस्था एकच होती, रेफरीने लढत थांबवणे म्हणजे मेंदूला इजा होणे असे समीकरण नसते, आणि हेडगार्ड काढल्यावर चेहऱ्यावरच्या जखमा मात्र भरपूर वाढल्या. महिला आणि अल्पवयीन खेळाडू यांच्यासाठी हेडगार्ड कायम राहिले. पॅरिस ऑलिम्पिकमध्येही महिला ते घालून आणि पुरुष त्याच्याविना लढताना आपण पाहिले. एकाच खेळात, एकाच रिंगमध्ये, एकाच दिवशी दोन नियम असणे यावरूनच या उपकरणाच्या उपयोगाबद्दल जाणकारांचे किती एकमत आहे, ते समजावे.

मग मेंदूत खरोखर काही होते की नाही, हे कसे कळणार? एमआरआयमध्ये हौशी मुष्टियोद्ध्यांचे मेंदू बहुतेक वेळा स्वच्छ दिसतात. जर्मनीत हायडेलबर्ग इथे ४२ हौशी मुष्टियोद्ध्यांची तपासणी झाली तेव्हा तिघांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा सापडल्या आणि मुष्टियुद्ध न करणाऱ्यांच्या गटात एकातही सापडल्या नाहीत. पण एवढ्या लहान संख्येवरून हा फरक योगायोगाचा नाही असे म्हणता येत नव्हते. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे लिहिले आहे.

खरे उत्तर मला स्वीडनमध्ये मिळाले. त्या देशात १९७० पासून व्यावसायिक मुष्टियुद्धावर कायद्याने बंदी आली आणि पुढची अनेक दशके तिथे मुष्टियुद्ध म्हणजे हौशी मुष्टियुद्धच होते. कदाचित त्यामुळेच या विषयावरचे सगळ्यात चिकाटीचे काम तिथे झाले असावे. २००६ मध्ये तिथल्या संशोधकांनी १४ हौशी मुष्टियोद्ध्यांच्या, म्हणजे ११ पुरुषांच्या आणि ३ महिलांच्या, पाठीच्या मणक्यातून सुई घालून मेंदूभोवतीच्या द्रवाचे नमुने घेतले. पहिला नमुना लढतीनंतर सात ते दहा दिवसांनी आणि दुसरा तीन महिने लढत न खेळता काढल्यावर. (पाठीत अशी सुई दोनदा टोचून घ्यायला तयार झालेल्या त्या चौदा जणांबद्दल मला रिंगमधल्या कोणाहीपेक्षा अधिक आदर वाटतो.) या द्रवात त्यांनी शोधले ते 'न्यूरोफिलामेंट लाइट' नावाचे प्रथिन. ते मज्जातंतूंच्या आतल्या सांगाड्याचा भाग असते आणि तंतू फाटला किंवा मेला की बाहेर द्रवात येते. ते बाहेर दिसणे म्हणजे आत काहीतरी मोडले आहे असा अर्थ होतो. लढतीनंतर त्याची पातळी वाढलेली होती आणि विश्रांतीनंतर ती उतरली. त्यातही ज्यांनी आपल्याला लढतीत डोक्यावर पंधराहून अधिक ठोसे बसल्याचे किंवा जबर ठोसे बसल्याचे सांगितले, त्यांच्यात ही वाढ थोडे ठोसे खाल्लेल्यांपेक्षा जास्त होती.

पंधरा ठोसे. तीन राउंडच्या लढतीत डोक्यावर पंधरा ठोसे म्हणजे काय, हे ज्याने हातमोजे घातले आहेत त्याला विचारावे. जिंकलेल्या लढतीतही मी तेवढे सहज खाल्ले असतील.

त्याच देशात २०१२ मध्ये आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान ४५ लढती खेळलेले ३० मुष्टियोद्धे आणि मुष्टियुद्ध न करणारे २५ जण त्यात होते. लढतीनंतर सहा दिवसांच्या आत घेतलेल्या नमुन्यात एकच नव्हे तर अनेक प्रथिनांची पातळी वाढलेली दिसली. किमान १४ दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा पाहिले तेव्हा काही जणांत ती अजून पूर्ववत झालेली नव्हती. ठोशाने मोडलेली गोष्ट सावरायला दोन आठवडे पुरत नसतील आणि त्याआधीच पुढची लढत आली, तर जुन्या हिशेबात नवी बाकी मिसळत जाते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे असेच समजते.

इथे मी थोडा वेळ स्वतःचाच हिशेब मांडला. तीन वर्षांत मी २३ लढती लढलो. प्रत्येक लढत पूर्ण तीन राउंड चालली असे धरले तर ६९ राउंड, म्हणजे २०७ मिनिटे. जेमतेम साडेतीन तास. आता सराव पाहू. आठवड्यातून दोन दिवस स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, दर वेळी चार राउंड, वर्षाचे साधारण तीस आठवडे, अशी तीन वर्षे. हे ७२० राउंड होतात, म्हणजे ३६ तास. लढतीत डॉक्टर होता, रेफरी होता, नोंदवही होती आणि डोक्याला मार लागून हरल्यास रिंगबंदी होती. त्याच्या दहापट वेळ ज्या स्पॅरिंगमध्ये गेला, तिथे यांपैकी काहीही नव्हते. एका शनिवारचे मला अजून आठवते, किंवा खरे तर आठवत नाही: माझ्यापेक्षा आठ-दहा किलोंनी जड असलेल्या सीनियरबरोबर चार राउंड झाले, मी खाली पडलो नाही, नाकातून रक्तही आले नाही, आणि संध्याकाळी मेसमध्ये शेजारच्याने "पुन्हा जेवायला आलास?" असे विचारले तेव्हा मी तासाभरापूर्वीच जेवून गेलो होतो हे मला त्याच्याकडून कळले. सगळे हसले. मीही हसलो. प्रशिक्षकांना सांगितले तर ते म्हणाले, पाणी पी आणि लवकर झोप. सोमवारी मी पुन्हा रिंगमध्ये होतो.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात २०१९ मध्ये या नेमक्या प्रसंगाचा, म्हणजे सरावातल्या स्पॅरिंगचा, अभ्यास झाला. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड झाल्यानंतर तासाभराने हौशी मुष्टियोद्ध्यांची तपासणी केली तेव्हा मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांत आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घट दिसली, आणि ती २४ तासांत भरून निघाली. कोणालाही बेशुद्ध पाडणारा मार त्यात नव्हता; रोजचा साधा सरावच होता. हे वाचताना मला मेसमधला तो हशा आठवला.

चोवीस तासांत भरून निघते, मग काळजी कशाची, असा प्रश्न माझ्या मित्राला मी विचारला. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीने उद्याचं विचारलेलं नाही. तिने चाळीस वर्षांनंतरचं विचारलं आहे." आणि दूरच्या परिणामांबद्दलचा पुरावा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, बराच काळ हौशी मुष्टियुद्धाच्या बाजूने झुकलेला होता. स्टॉकहोममध्ये १९९० च्या सुमारास ५० माजी हौशी मुष्टियोद्ध्यांची फुटबॉलपटू आणि धावपटूंशी तुलना झाली, तेव्हा गंभीर स्वरूपाची कायमची इजा कोणातही आढळली नाही. मेंदूच्या विद्युतलेखात किरकोळ बदल थोडे अधिक दिसले आणि बोटे झपाट्याने आपटण्याच्या चाचणीत मुष्टियोद्धे काहीसे मागे पडले. अमेरिकेत ४८४ तरुण हौशी मुष्टियोद्ध्यांवर दोन वर्षे नजर ठेवली गेली. त्या दोन वर्षांतल्या लढतींशी कोणत्याही घसरणीचा संबंध जुळला नाही, पण अभ्यास सुरू होण्याआधीच ज्यांच्या लढती जास्त झाल्या होत्या, त्यांच्या स्मरणात आणि डोळा व हात यांच्या मेळात सूक्ष्म घट दिसली. २००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी तोवरचे ३६ निबंध एकत्र तपासले आणि हौशी मुष्टियुद्धाने मेंदूला कायमची इजा होते असा भक्कम पुरावा नाही, असे सांगितले. त्याच निबंधात त्यांनी हेही नोंदवले की तपासलेल्या अभ्यासांचा दर्जा कमकुवत होता. आपल्याकडे या निबंधाचे पहिले वाक्य उद्धृत होते, दुसरे होत नाही.

या बहुतेक अभ्यासांची अडचण अशी की त्यांतले खेळाडू तरुण किंवा मध्यमवयीन होते. ज्या आजाराची भीती आहे, तो साठीनंतर डोके वर काढतो. त्यासाठी तरुणपणी हातमोजे घातलेल्या माणसांना म्हातारपणापर्यंत पाहायला हवे, आणि तेवढा धीर धरणारा अभ्यास मुष्टियुद्धासाठी कोणी काढला नव्हता. तो सापडला वेल्समधल्या केरफिली या गावात, आणि तोही दुसऱ्याच कारणासाठी काढलेला. १९७९ पासून त्या गावातल्या ४५ ते ५९ वयाच्या पुरुषांची हृदयविकाराच्या अभ्यासासाठी नोंद घेतली जात होती. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी आणि मुष्टियुद्धाचे आखाडे शेजारी शेजारी होते. आपल्याकडे कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी असाव्यात तसे. त्यामुळे साध्यासुध्या गावकऱ्यांत तरुणपणी मुष्टियुद्ध केलेले लोक आपोआप आले. म्हातारपणी स्मृतीच्या चाचण्या झालेल्या १,१२३ जणांपैकी ७३ जणांनी तसे सांगितले, म्हणजे पंधरा-सोळा जणांमागे एक. या माजी हौशी मुष्टियोद्ध्यांत अल्झायमरसारखी लक्षणे दिसण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक निघाली आणि ज्यांना ती झाली, त्यांना ती सुमारे पाच वर्षे आधी सुरू झाली.

हा निकाल मी तीन वेळा वाचला, कारण केरफिलीचे ते लोक म्हणजे माझ्यासारखेच आहेत. त्यांना कोणी ओळखत नाही, त्यांनी पदके मिळवलेली नाहीत, तरुणपणी काही वर्षे लढले आणि मग खाणीत, कारखान्यात, कचेरीत कामाला लागले. मुहम्मद अलींचे उदाहरण आपण लांब ठेवू शकतो; त्यांची कारकीर्द लांबलचक आणि व्यावसायिक होती, आणि त्यांना झालेल्या पार्किन्सनमध्ये ठोशांचा वाटा किती, यावर आजही वाद घालता येतो. केरफिलीच्या म्हाताऱ्यांना तसे लांब ठेवता येत नाही.

तरीही त्या निकालाला आहे त्याहून मोठे करू नये. ७३ ही लहान संख्या आहे, तिच्यावरून काढलेल्या 'दुपटी'ला आजूबाजूला बरीच मोकळी जागा सोडावी लागते. ही माणसे हेडगार्ड सक्तीचे होण्याच्या फार आधी लढलेली होती. किती लढती, किती सराव, किती मार, याची नोंद नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे जे आठवले ते त्यांनी सांगितले. दुपटीचा अर्थ बहुतेकांना आजार झाला असाही नाही, कारण मुळातली शक्यताच त्या वयात काही जणांपुरती मर्यादित असते. माझ्या मित्राने यात आणखी एक धागा जोडला: काहींच्या जनुकांतच 'एपीओई-४' हा प्रकार असतो, ज्याने अल्झायमरचा धोका तसाही वाढतो. १९९७ मध्ये अमेरिकेत ३० मुष्टियोद्ध्यांच्या छोट्या अभ्यासात, भरपूर लढलेल्यांपैकी ज्यांच्यात तो होता त्यांची अवस्था इतरांपेक्षा वाईट दिसली होती. म्हणजे तेवढेच ठोसे दोन माणसांना सारखेच महाग पडतील असे नाही.

स्वतःची तपासणी करून घ्यावी का, असेही मी विचारले. ठोशांमुळे होणाऱ्या ज्या विशिष्ट आजाराची चर्चा अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांमुळे जगभर झाली, त्या 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी'चे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप पाहूनच होते. टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती साचलेल्या दिसल्या तरच. त्यामुळे मला रक्तदाब सांभाळ, चालत जा आणि नावे विसरायला लागलास की ये, एवढाच सल्ला मिळाला. नावे मी कॉलेजातही विसरत असे.

जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्येच मुष्टियुद्धावर बंदीची मागणी केली होती, आणि अमेरिकेतल्या व कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये लहान मुलांनी व किशोरांनी हा खेळ खेळू नये असे एकत्र निवेदन काढले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: इतर खेळांत डोक्याला मार अपघाताने लागतो, इथे तो गुण मिळवण्याचा मार्ग आहे. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. विजेंदर सिंग, मेरी कोम, लवलिना बोरगोहेन यांच्या ऑलिम्पिक कांस्यपदकांनी ज्या मुलामुलींना आखाड्यात आणले, त्यांच्यापैकी कित्येकांना दुसरे काही शिकवणारे, वेळेवर उठायला लावणारे, मारण्यापेक्षा न मारण्याची शिस्त देणारे दुसरे ठिकाण नसते. मला स्वतःला त्या तीन वर्षांनी जे दिले ते मी परत करणार नाही. पण ते जे दिले, त्यांतले बहुतेक दोरीच्या उड्या, बॅग, पॅड, शॅडो (एकट्याने हवेत ठोसे मारणे) आणि पहाटेची धाव यांनी दिले. जड सीनियरकडून डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी काय दिले, हे मला आजवर सांगता आलेले नाही.

म्हणून फेब्रुवारीत मी बहिणीला फोन करून माझे दिवाळीचे उत्तर मागे घेतले. तिला जे सांगितले ते असे: त्याला खेळू दे, पण धोका लढतींपेक्षा सरावात जास्त साठतो हे लक्षात ठेव. मग मी आणि ती त्याच्या प्रशिक्षकांना भेटायला गेलो. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत आणि मला वाटले होते त्यापेक्षा मोकळेपणाने बोलले. आम्ही चार गोष्टी विचारल्या. डोक्यावर ठोसे असलेले स्पॅरिंग महिन्यातून किती वेळा होते? ते म्हणाले, आठवड्यातून एकदा, स्पर्धा जवळ आली की दोनदा. ते पंधरा दिवसांतून एकदा करता येईल का आणि बाकी वेळी ठोसे फक्त छातीपोटावर ठेवता येतील का? थोडे थांबून ते हो म्हणाले. मात्र स्पर्धेआधीचे दोन आठवडे त्यांनी सोडले नाहीत, आणि त्यांचेही बरोबर आहे, कारण डोके वाचवायला न शिकलेला मुलगा रिंगमध्ये सोडणे हा अधिक मोठा धोका असतो. वजनात तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक असलेल्या मुलांची जोडी लावू नये, हे त्यांनी लगेच मान्य केले. चौथी गोष्ट त्यांना थोडी जड गेली: सरावात गरगरले, डोके दुखले, प्रकाश सहन झाला नाही, तासाभरापूर्वीचे आठवले नाही, तर तो दिवस संपला आणि डॉक्टरने सांगेपर्यंत स्पॅरिंग बंद. "मग मुलं सांगणारच नाहीत," असे ते म्हणाले. ही भीती खरी आहे. मीही मेसमधला प्रसंग पुन्हा कोणाला सांगितला नव्हता.

यावर तोडगा भाच्यानेच काढला. त्याने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, कोणाबरोबर, किती राउंड, डोक्यावर अंदाजे किती, आणि नंतर डोके कसे होते, असे पाच रकाने आखले. पहिल्या ओळीत 'डोक्यावर' या रकान्यात त्याने सहा लिहिले आहेत. मी ते पाहत असताना त्याने विचारले, "मामा, तुझे एकूण किती झाले असतील?" मी ७२० राउंडांना दहाने गुणायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. त्याची पहिली लढत पावसाळ्यानंतर आहे. मी जाणार आहे. बहीण येणार की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.